शहाण्णव पानांची दाढी

पोस्टमास्तरांचा कान कापला गेला, हे खरं आहे. पण रस्ताभर बोभाटा झाला तसं अर्धा कान हातात आला वगैरे काही झालेलं नाही. पाळीला तिळाएवढी चीर गेली, मी तुरटी दाबली, कापूस लावला आणि पैसे घेतले नाहीत. संपलं. एकेचाळीस वर्षांतला पहिला कान. दिवसाला दहा गिऱ्हाइकं धरा, दर गिऱ्हाइकाला दोन कान धरा, करा गुणाकार आणि मग मला बोला.

पण दुकानातले सगळे माझ्याकडेच बघत होते. दुसऱ्या खुर्चीमागे माझा पुतण्या हातातलं मशीन बंद करून उभा राहिला होता. काहीतरी बोलणं भाग होतं, म्हणून मी म्हणालो, "हात थरथरला जरा."

धादांत खोटं. माझ्या तळहातावर काठोकाठ भरलेला कप ठेवा आणि मला जिना चढायला सांगा, थेंब सांडणार नाही. हात थरथरला नव्हता. मला कान दिसला नव्हता.

वर्ष झालं असेल. आधी डाव्या डोळ्यात धूर साचल्यासारखं व्हायला लागलं, मग उजव्यातही. मी आधी दुकानातले बल्ब बदलले. मग बल्बवाल्याशी भांडलो, की हल्लीच्या मालात दम नाही. मग आरसेवाल्याला बोलावून घेतला आणि आरशाचा पारा उडालाय म्हणून त्याला झापला. त्या भल्या माणसाने आरसा पुसला, त्यात स्वतःचा भांग सारखा केला आणि एक शब्द न बोलता निघून गेला. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!

कोणाला सांगायचं नव्हतं, त्याला कारण आहे. माझे वडील याच दुकानात वस्तरा चालवायचे. साठीला आले आणि त्यांची नजर गेली. "नशीब," एवढंच म्हणाले आणि वस्तरा माझ्या हातात दिला. पुढची अकरा वर्षं ते दुकानातल्या बाकावर बसून होते. माझी कात्री ऐकायचे आणि म्हणायचे, "डावीकडे घाई करतोयस." आवाजावरून सगळ्यांना ओळखायचे. पण कोणी न बोलता आत आलं की मान वर करून विचारायचे, "कोण?" तो 'कोण' मला अजून ऐकू येतो. मला त्या बाकावर बसायचं नव्हतं. थरथरणारा हात बरा होतो, तेल चोळा, विश्रांती द्या. गेलेले डोळे परत येत नाहीत, असं मी धरून चाललो होतो. म्हणून सगळं हातावर ढकललं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

माझी बायको एका शाळेच्या स्वयंपाकघरात मुख्य स्वयंपाकीण आहे. तीनशे पोरांना एका हाकेत रांगेत बसवते, त्यामुळे घरात तिला आवाज चढवावा लागत नाही, तो आधीच चढलेला असतो. कानाची बातमी माझ्याआधी घरी पोचली होती.

"सहा आठवडे दुकान बंद," ती म्हणाली.

"अगं, दुकान बंद करून कसं चालेल?"

"तुम्हाला बंद. दुकान चालू राहील. पुतण्या आहे ना."

पुतण्या आहे, तेच तर दुखणं होतं. पस्तिशीचा गडी, वागायला सरळ, पण त्याला मशीनचं वेड. कात्री हातात घ्यायची वेळ आली की असं तोंड करतो जणू मी त्याला दगडाने केस कापायला सांगितलंय. त्याच्या मनात माझी खुर्ची काढून तिथे केस धुवायचं बेसिन बसवायचं होतं. माझी खुर्ची म्हणजे लोखंडी, पाय ठेवायला जाळी, मान टेकायला उशी, बाजूचा दांडा ओढला की वरखाली होणारी. तीन माणसांना उचलत नाही.

"काका, तुम्ही निवांत आराम करा," तो म्हणाला. "सहा आठवड्यांत हात बरा झाला तर उत्तमच. नाही झाला, तर खुर्ची मागच्या खोलीत हलवू आणि बेसिन लावू. चालेल ना?"

"गिऱ्हाईक केस कापायला येतं, धुवायला नाही," मी म्हणालो. पण माझाच हात मी मोडका ठरवला होता, त्यामुळे पुढे बोलायला तोंड नव्हतं. सहा आठवड्यांत परत उभा राहिलो नाही तर खुर्ची गेली, हे ठरलं. आणि सहा आठवड्यांत डोळे काही धुऊन निघणार नव्हते.

यात भर घातली माझ्या लेकीने. लेक फिजिओथेरपिस्ट आहे. लोकांचे न वाकणारे गुडघे वाकवते, न उचलणारे खांदे उचलायला लावते. तिला सक्युलंटचा नाद आहे. ही ती गुबगुबीत पानांची झाडं, ज्यांना कमळासारखा घेर असतो आणि पाणी नको असतं. तिच्या खिडक्यांत माणसाला डोकं काढायला जागा उरलेली नाही. त्यातच तिला दोन महिन्यांसाठी प्रशिक्षणाला बाहेर जायचं होतं. ती आली ती आठ कुंड्या आणि एक पसरट ट्रे घेऊन.

"बाबा, तुझ्या हाताला हेच औषध," ती म्हणाली. "नाजूक काम, दाब न देता. रोज अर्धा तास."

"मी न्हावी आहे, माळी नाही."

"म्हणूनच. बघ." तिने एका झाडाचं खालचं पान चिमटीत धरलं, हळूच डावीकडे हलवलं, उजवीकडे हलवलं, आणि पान बुडापासून अखंड सुटून आलं. "असं आलं पाहिजे. बूड फाटलं तर ते पान सडतं. अखंड आलं तर त्याच पानातून नवीन झाड येतं. आधी चार दिवस सावलीत नुसतं ठेवायचं, जखम सुकू द्यायची. मग या वाळूमिश्रित मातीवर आडवं ठेवायचं. पुरायचं नाही. आणि पाणी घालायचं नाही."

"पाण्याशिवाय?"

"मुळं फुटेपर्यंत एक थेंब नाही."

आयुष्यभर मी गिऱ्हाइकाच्या तोंडावर आधी पाणी मारलं, मग बाकीचं. हे लोक बिनपाण्याने करणारे निघाले.

काम सोपं होतं. सोपं कसलं, मला ते डोळे मिटून जमलं, आणि हे मी शब्दशः सांगतोय. पान बोटांनाच कळतं. कुठे धरायचं, किती वळवायचं, कधी ते सैल होतं. मी तीन दिवसांत शहाण्णव पानं काढली, एकाचंही बूड फाटलं नाही. बायको शाळेतून आली, ट्रे बघितला आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"थरथरत्या हाताने काढलीत ही?"

हात आजारी आहे हे मी साफ विसरलो होतो. त्या दिवसापासून मी घरात थरथरायला सुरुवात केली. चहाचा कप घेताना बशी वाजवायची, बटण लावताना उसासा टाकायचा, वर्तमानपत्र फडफडवायचं. वर्तमानपत्र तसंही मी फक्त फडफडवतच होतो, वाचता कुठे येत होतं! एकदा तर चहा पुरता मांडीवर घेतला. बायकोने फडकं आणून दिलं आणि म्हणाली, "आज डावा हात थरथरतोय वाटतं. काल उजवा होता."

खोटं बोलावं पण लक्षात ठेवून बोलावं.

दर रविवारी लेकीचा व्हिडिओ कॉल. दुसऱ्या रविवारी तिने विचारलं, "बाबा, मुळं दिसतायत?"

मी ट्रे खिडकीत नेला. डोळे बारीक केले, मोठे केले, एक मिटला, मग दुसरा. हिरवट डागांची रांग दिसत होती. "नाहीत," मी म्हणालो. तेव्हा ते खरंही असावं.

"येतील. आता नीट ऐक. पानाच्या बुडाशी केसासारखे तंतू दिसले तर आधी रंग बघ. गुलाबी असले तर ती मुळं, हात लावू नको. पांढरे, कापसासारखे असले तर बुरशी. ती लगेच काढून टाक, नाहीतर सगळा ट्रे जाईल. रंग बघ, हं."

"बघतो की," मी म्हणालो. केसाएवढ्या गोष्टीचा रंग! मला तर पोस्टमास्तरांचा कान दिसला नव्हता.

त्याच आठवड्यात घरात आणखी एक भानगड झाली. बायको कामावरून आली, माझ्यासमोर येऊन उभी राहिली, म्हणाली, "काही वेगळं दिसतंय का माझ्यात?"

आता, मी तिच्या तोंडाकडे बघायचंच टाळत होतो. चोराच्या मनात चांदणं. तिने माझे डोळे निरखले तर सगळं उघडं पडेल ही धास्ती. मी ट्रेवर वाकून राहिलो आणि अंदाजपंचे ठोकून दिलं, "वजन उतरलंय तुझं."

ती काही बोलली नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. जेवण पुढ्यात येत होतं, आवाज येत नव्हता. तीनशे पोरांना हाकणारा आवाज बंद झाला की घर कसं होतं ते मी सांगू शकत नाही. मी मनात म्हटलं, बायकांना वजन उतरलं म्हटलेलं आवडतं असं ऐकून होतो, तेही खोटंच निघालं.

मग शुक्रवार आला. बायको शाळेत, मी एकटा, समोर ट्रे. पानांवर बोट फिरवायची मला सवय लागली होती, गिऱ्हाइकाच्या गालावरून उलटं बोट फिरवून दाढी कुठे राहिली ते बघतात तसं. एका पानाच्या बुडाशी काहीतरी मऊ लागलं. मिसरूड फुटलेल्या पोराच्या ओठावर असतं ना, तसं. दुसऱ्या पानाला बोट लावलं, तिथेही. तिसऱ्याला, चौथ्याला. सगळ्या ट्रेला मिसरूड फुटलं होतं.

मुळं की बुरशी?

मी ट्रे उन्हात नेला. दिव्याखाली नेला. दाराशी नेला. शेजारणीला बोलवावं असंही मनात आलं, पण ती बायकोची मैत्रीण. "तुम्हाला दिसत नाही का हो?" असं तिने एवढं विचारलं असतं की संपलं असतं सगळं. मी विचार केला, दोन आठवडे काही नव्हतं आणि एकदम सगळ्यांना एकाच वेळी? हे रोगाचंच लक्षण. मुळं अशी साथीसारखी थोडीच येतात! आणि लेक म्हणाली होती, लगेच काढ, नाहीतर सगळा ट्रे जाईल. एवढ्याशा कामातही मी हरलो तर मग काय उरलं?

कपाटातून माझा घरचा वस्तरा काढला. पट्ट्यावर सात वेळा ओढला. तीन आठवड्यांनी वस्तरा हातात आला होता, काय सांगू! बोटांना माहेरी आल्यासारखं झालं. पहिलं पान डाव्या हाताच्या अंगठ्यावर आडवं घेतलं, बुडाशी पातं टेकवलं आणि एका ओढीत साफ. पानाला ओरखडा नाही. दुसरं, तिसरं. विसाव्या पानाला मी सवयीने म्हणालो, "मान जरा तिकडे." चाळिसाव्याला हवापाण्याच्या गप्पा सुरू केल्या. दोन तासांत शहाण्णव पानांची गुळगुळीत दाढी करून मी ती पुन्हा रांगेत मांडली आणि मानेवरचे केस झटकायच्या ब्रशने ट्रे झटकून काढला. एवढं समाधान मला कित्येक महिन्यांत मिळालं नव्हतं. त्या दिवशी चहा पिताना मी थरथरायलाही विसरलो.

रविवारी कॉल आला. बायको मागे येऊन उभी राहिली, अजून अबोलाच होता. मी छाती काढून म्हणालो, "बुरशी आली होती. सगळी काढली. एक तंतू ठेवला नाही."

लेक म्हणाली, "बुरशी? बाबा, फोन ट्रेवर धर." मी धरला. तिकडून एक किंकाळी आली. "मुळं कुठे गेली?"

"कुठली मुळं?"

"आईने गुरुवारी फोटो पाठवला होता मला! शहाण्णवातल्या एकोणनव्वदांना मुळं होती! गुलाबी, लांब लांब! मी इथे सगळ्यांना दाखवली!"

मी बायकोकडे वळलो. "तू बघितलीस? मग मला सांगितलं का नाहीस?"

"मी बोलत नव्हते तुमच्याशी," बायको म्हणाली. आठवड्यातलं पहिलं वाक्य.

तिने माझ्या हातून फोन घेतला, ट्रे स्वतःकडे ओढला आणि एक पान उचलून डोळ्यांजवळ धरलं. मग दुसरं. मग तिसरं. "बघ गं," ती लेकीला म्हणाली, "एका रेषेत कापलंय सगळं. पानाला धक्कासुद्धा नाही. शहाण्णवच्या शहाण्णव."

"असं आमच्या दवाखान्यातले सर्जनही कापत नाहीत," लेक फोनमधून म्हणाली. मग तिचा आवाज एकदम खाली आला. "आई, हा हात थरथरणारा नाहीये."

"नाहीच आहे. मला पहिल्या दिवसापासून माहितीय. मी म्हटलं, दमलाय माणूस, कबूल करायची लाज वाटते, करू दे सोंग." बायकोने पान खाली ठेवलं. "पण गुलाबी मुळांना बुरशी कोण म्हणेल? अहो, माझ्याकडे बघा."

मी बघितलं. म्हणजे तोंड तिकडे केलं.

"माझे केस कसे आहेत?"

"आहेत तसेच. अंबाडा."

"कमरेएवढे केस खांद्यापर्यंत कापून घेतलेत मी! तुमच्या पुतण्याकडून, तुमच्याच दुकानात! म्हटलं, आता नवरा घर डोक्यावर घेईल, की माझ्या बायकोच्या केसांना मशीनवाल्याने हात लावलाच कसा. आठवडाभर वाट बघतेय भांडणाची. आणि तुम्ही म्हणालात वजन उतरलंय!"

मग तिने माझी जी केली ती बिनपाण्याने केली. किती महिने झाले, कोणाला सांगितलं, रस्ता कसा ओलांडता, गॅस कसा पेटवता, आणि त्या पोस्टमास्तरांचा कान म्हणजे नशीबच थोर, गळ्यावर वस्तरा असता तर? लेक फोनमध्ये रडत होती, बायको बोलता बोलता रडायला लागली, आणि मी खुर्चीत बसून, "मला बाकावर नाही बसायचं गं," एवढंच म्हणत राहिलो. लाज वाटली, पण खरं सांगायचं तर हलकंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी बायकोने आयुष्यात पहिल्यांदा शाळेतून सुट्टी घेतली आणि माझा दंड धरून मला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. वाटेत दुकान लागलं. ती आत गेली, मी बाहेर उभा होतो, पण तिला ऐकायला आत जावं लागत नाही. "माझ्या नवऱ्याच्या खुर्चीला हात लावलास तर त्या बेसिनमध्ये आधी तुझं डोकं धरीन. कितीही आठवडे लागू देत!" पुतण्या म्हणाला, "काकू, मी कुठे काय म्हणालो?"

डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांत दिवा मारला, यंत्रावर हनुवटी टेकवायला लावली. दुसऱ्याच्या हनुवट्या टेकवण्यात जन्म गेला, तेव्हा कळलं की त्या खुर्चीत बसलेल्याला किती भीती वाटते.

"मोतीबिंदू," त्या म्हणाल्या. "दोन्हीकडे. चांगले पिकवलेत तुम्ही."

"मग आता पुढे?"

"पुढे काय? काढायचे. आधी एक डोळा, महिन्याभराने दुसरा. वीस-वीस मिनिटांचं काम."

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर दिसेल," त्या म्हणाल्या. कपाळाला आठी न घालता, जणू मी उद्या कोणता वार असं विचारलं होतं.

मी त्यांना वडिलांचं सांगितलं. साठीत धूर दिसायला लागला, मग काहीच नाही, अकरा वर्षं बाक. "त्यांचंही हेच असेल का?"

"न तपासता कसं सांगू? तेव्हा कोणाला दाखवलं होतंत?"

दाखवलं नव्हतं. त्यांनी कोणाला म्हटलं नाही आणि मी त्यांना कधी विचारलं नाही. वीस मिनिटांचं काम असेल, नसेल, आता कोण सांगणार! दवाखान्याच्या पायऱ्यांवर मी मटकन बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. बायको शेजारी बसली. चौतीस वर्षांत पहिल्यांदा तिने पदराने माझं तोंड पुसलं.

पहिल्या डोळ्याची पट्टी निघाली तेव्हा आधी मला छताचं जळमट दिसलं, मग आरशात एक म्हातारा दिसला, तो मी होतो. मग बायको. मी तिला पाठमोरी उभी केली आणि केस बघितले. खांद्यावर एका रेषेत, टोकं आत वळलेली. चूक काढायला जागा नव्हती, आणि मी चांगली पाच मिनिटं शोधली. "बरे कापलेत," मी म्हणालो. ती म्हणाली, "मेलं, हेच ऐकायला एवढं मोठं ऑपरेशन करावं लागलं."

मग मी ट्रेकडे गेलो. लेकीने रडणं थांबल्यावर सांगितलं होतं की पानं तशीच राहू दे, बूड शाबूत असेल तर पुन्हा फुटतील. आणि फुटली होती! गुलाबी. केसाहूनही बारीक, आणि प्रत्येक मुळाला आणखी बारीक लव. त्या मुळांच्या वर मोहरीएवढी हिरवी फुलं, मी फुलं म्हणतोय, पण ती झाडं होती, सगळी पानं जागच्या जागी असलेली अख्खी झाडं. मी मोजली. एक्क्याण्णव. दाढी करण्याआधी होती त्यापेक्षा दोन जास्तच. लेकीला फोन लावून हे ऐकवलं, तर ती म्हणाली, "म्हणून पुन्हा करू नकोस!"

दुसरा डोळा झाला, महिना गेला, आणि डॉक्टरीणबाईंनी कामाला परवानगी दिली. डोळ्यांत पाणी जाऊ द्यायचं नाही आणि डोळे चोळायचे नाहीत, एवढंच पथ्य. मी दुकानात गेलो. माझी खुर्ची जागेवर होती. पुतण्याने तिच्या दांड्याला तेलही घातलं होतं. बेसिन त्याने स्वतःच्या बाजूला, कोपऱ्यात बसवलं होतं, आणि दिसायला तसं वाईट नव्हतं.

पहिलं गिऱ्हाईक आत आलं. समोरच्या गल्लीतले घड्याळजी, दिवसभर डोळ्याला भिंग लावून मुंगीच्या पायाएवढे स्क्रू फिरवणारा माणूस. केस कॉलरवर आले होते, तीन महिन्यांचं रान झालं होतं. ते खुर्चीत बसले, मी कपडा बांधला, मागून फणी घातली, आणि माझं टाळकं सटकलं. डावीकडचे केस उजवीकडच्यापेक्षा दोन बोटं लांब. मानेवरची रेघ जिन्यासारखी. एक कल्ला कानाच्या मध्यावर, दुसरा पाळीखाली.

"कुठल्या गाढवाने कापले हे?" मी ओरडलो.

पुतण्याने मशीन बंद केलं. मी त्याच्याकडे बघितलं. "तू?"

"काका, मी त्यांना हात लावलेला नाही. ते तुमच्यासाठी थांबलेत."

घड्याळजींनी आरशातून माझ्याकडे बघितलं. "तुम्हीच कापलेत," ते म्हणाले. "मागच्या खेपेला. त्याच्या आधीच्या खेपांनाही असेच व्हायचे. घरी गेलो की बायको सारखे करून द्यायची. या वेळी ती बहिणीकडे गेली होती, म्हणून राहिले."

"किती दिवस चाललं होतं हे?"

"वर्षभर. सगळ्यांचंच. कोणाची बायको करायची, कोणाची सून. आम्ही आपसात बोलायचो."

"सगळ्यांना माहीत होतं? आणि एकानेही मला सांगितलं नाही? तुम्ही तरी बोलायचं!"

"बोललो असतो तर दुसऱ्या दिवशी तुम्ही दुकानात आला नसतात," घड्याळजी म्हणाले.

मला आरसा दिसेनासा झाला. चोळायला बंदी, पाणी जाऊ द्यायचं नाही, आणि इथे आतूनच यायला लागलं होतं. मी कात्री उचलली.

"मान खाली घाला," मी म्हणालो, "आणि मी सांगेपर्यंत वर बघू नका."